जुन्या क्रीडामोटारींचे निलंबन व ब्रेक : सुट्या भागांची ओळख

जुन्या मोटारीचा एखादा भाग हाती आला असता तो कोणत्या गाडीचा, कोणत्या वर्षाचा व कोणत्या बाजूचा, हे निश्चित करणे वरवर दिसते तितके सुलभ नाही. इंजिनाचा भाग चुकला तर गाडी सुरू होत नाही; ब्रेकचा किंवा निलंबनाचा भाग चुकला तर ती सुरू होते, परंतु थांबत नाही. म्हणूनच या भागांची ओळख ही केवळ संग्राहकाच्या कुतूहलाची बाब नव्हे. उदाहरणार्थ, इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली एम. जी. बी. ही गाडी घेता येईल.

ओळखीचे पहिले साधन म्हणजे गाडीचा क्रमांक. त्याच्या आरंभीच्या अक्षरांपैकी 'जी' हे एम. जी. चे, 'एच' हे इंजिनाच्या आकारवर्गाचे, तर तिसरे अक्षर बांधणीचे निदर्शक असते : 'एन' म्हणजे उघडी दोन आसनी गाडी, 'डी' म्हणजे छपराची जी. टी. मात्र क्रमांक सांगतो तो कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीविषयी. त्यानंतरच्या अर्धशतकात तिचे किती भाग बदलले गेले, हे तो सांगू शकत नाही. तेव्हा प्रत्यक्ष भागाचीच परीक्षा करणे अपरिहार्य ठरते.

या गाडीच्या पुढील निलंबनात सर्पिल स्प्रिंग असून वरच्या भुजेचे कार्य धक्काशोषकाची भुजाच करते. हा धक्काशोषक म्हणजे तेलाने भरलेली एक ओतीव पेटी होय. नळीच्या आकाराचा धक्काशोषक मूळ गाडीत आढळत नाही. मागील बाजूस पाट्यांच्या स्प्रिंगा व अखंड आस आहे. हा आस दोन प्रकारचा असतो. आरंभीच्या उघड्या गाड्यांत आसाच्या मधल्या गोलाकार कवचाची मागील बाजू अखंड असते. 1965 साली आलेल्या जी. टी. त, व 1967 पासून उघड्या गाडीतही, तेथे बोल्टांनी बसविलेले झाकण दिसते. आस भिन्न असल्याने हातब्रेकची तारही भिन्न असते. 1974 साली रबरी बंपर आले, तेव्हा गाडीची उंची सुमारे दीड इंच वाढविण्यात आली. त्यामुळे त्यापूर्वीच्या व नंतरच्या स्प्रिंगा परस्परांच्या जागी चालत नाहीत.

ब्रेकची रचना पुढे चकती व मागे ड्रम अशी आहे. पुढील चकतीचा व्यास 10.75 इंच भरतो. तथापि केवळ व्यासावर विसंबू नये. 1973 ते 1976 या काळातील आठ सिलिंडरांच्या जी. टी. ची चकती अधिक जाड आहे. व्यासाबरोबर जाडीही मोजली, तरच निर्णय बिनचूक होतो.

सर्वांत घातक चूक मात्र आट्यांच्या बाबतीत घडते. या काळातील ब्रिटिश गाड्यांच्या ब्रेकनळ्यांच्या जोडांवर बहुधा तीन-अष्टमांश इंच व्यासाचे, इंचाला 24 या प्रमाणात आटे असतात. म्हणजे व्यास 9.525 मिलिमीटर व दोन आट्यांतील अंतर सुमारे 1.06 मिलिमीटर. पुढे रूढ झालेल्या मेट्रिक जोडाचा व्यास 10 मिलिमीटर व आट्यांतील अंतर 1 मिलिमीटर. हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. इंची जोड मेट्रिक छिद्रात सैलपणे शिरतो, थोडा आवळलाही जातो. परंतु आट्यांची पकड अपुरी राहते. पायाचा पूर्ण दाब पडताच आटे झिजून जोड निसटण्याचा संभव असतो. आणि असा दाब नेमका संकटाच्या क्षणीच पडतो. म्हणून आटेमापक पट्टी लावल्यावाचून कोणताही जोड आवळू नये, आणि हाताने सहज न फिरणारा किंवा फाजील सैल वाटणारा जोड तत्काळ बाजूला ठेवावा.

सारांश, क्रमांक दिशा दाखवितो, आकृती प्रकार सांगते, परंतु अंतिम निर्णय मापाचाच असतो. ही तिन्ही प्रमाणे एकमेकांशी जुळली, तरच तो भाग त्या गाडीचा मानणे युक्त होय.