नखाएवढ्या कार्डावर मावणारे ग्रंथालय

१९५६ साल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नागपूर उभे राहते. १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच्या सुमारे महिनाभर आधी अमेरिकेत आयबीएम कंपनीने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक जाहीर केला होता. त्या डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन जवळपास एक टन. आणि साठवण? ५० लाख अक्षरे, आजच्या भाषेत ५ एमबीसुद्धा नाही. आपल्या मोबाइलचा एखादा मोठा फोटो त्यात कसाबसा मावला असता.

आज मायक्रो एसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर रुंद असते. २०१९ पासून अशी एक टीबीची कार्डे बाजारात आहेत. एक टीबी म्हणजे किती, ते पुस्तकांत मोजू. युनिकोडमध्ये देवनागरीचे एक चिन्ह साधारण ३ बाइट जागा घेते. पानावर २,००० चिन्हे धरली तर ५०० पानांचे पुस्तक ३ एमबीचे होते. म्हणजे नखाएवढ्या कार्डावर अशी तीन लाखांहून अधिक पुस्तके राहतील. बाबासाहेबांचे सगळे खंड आणि संपूर्ण त्रिपिटक ठेवूनही कार्ड जवळपास रिकामेच दिसेल.

हे साधले कसे? हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात असते. हे ठिपके बारीक होत गेले तशी तबकडी लहान झाली. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डात फिरणारे काहीच नसते. तिथे सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार कोंडून ठेवलेला असतो. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट असे, आता तीन-चार असतात. कप्पे आणखी लहान करणे अवघड झाले, तेव्हा ते इमारतीच्या मजल्यांसारखे एकावर एक रचायला सुरुवात झाली. आज अशा चिपमध्ये दोनशेहून अधिक थर असतात.

पण कोंडलेला भार हळूहळू गळतो. कार्ड वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले, तर त्यातले फोटो शाबूत राहतीलच असे नाही. घरी लिहिलेल्या सीडीचेही तेच. म्यानमारमधील मंडाले येथे राजा मिंडॉनने ७२९ संगमरवरी शिलांवर त्रिपिटक कोरून घेतले. ते काम १८६८ साली पुरे झाले. पुढे इंग्रज आले, अक्षरांवरचे सोने गेले, तरी शिला आजही वाचता येतात. एका शिलेवर दोन बाजूंना मिळून जेवढा मजकूर आहे, तेवढा कार्डाच्या एका कणात बसेल, पण तो कण दीडशे वर्षे टिकेल असे आम्हाला वाटत नाही.

त्याआधी काही शतके त्रिपिटक भिक्खूंच्या मुखोद्गत होते. इसवी सनपूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत ते प्रथम ताडपत्रांवर लिहिले गेले. दुष्काळ आणि युद्धामुळे पाठांतर करणारेच उरतील की नाही, ही तेव्हाची भीती होती. एकाच ठिकाणी असलेली गोष्ट जाते, हे त्या भिक्खूंना चांगले ठाऊक होते.

आमच्या वस्तीतील विहाराचे जयंतीचे अनेक वर्षांचे फोटो एकाच कार्यकर्त्याच्या कार्डात होते. एके दिवशी ते कार्ड कुठल्याच मोबाइलमध्ये उघडेना. त्यात आता हयात नसलेली काही माणसे होती. दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. काही जणांकडे व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो सापडले, पण ते दाबून लहान झालेले होते. चेहरे ओळखता येतात, मागचा फलक वाचता येत नाही.

तेव्हापासून आम्ही तीन प्रती ठेवतो : एक विहाराच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या कार्यकर्त्याच्या घरी, एक ऑनलाइन. व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवतो. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी प्रत्येक डिस्क उघडून बघतो. सध्या आजोबांच्या पिढीच्या भीमगीतांच्या कॅसेट डिजिटल करण्याचे काम चालू आहे. चौदा झाल्या आहेत, दोनांची फीत चिकटून बसली आहे.