कागद जपले म्हणून विचार राहिले. आता हार्ड डिस्कही जपा!

परमपूज्य बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद होती. आधी न्यायालयाच्या आणि मग अॅडमिनिस्ट्रेटर जनरलच्या ताब्यात. पुढे ती महाराष्ट्र शासनाच्या प्रकाशन समितीकडे आली, वसंत मून यांनी नेटाने त्यांचे संपादन केले आणि १९८७ साली 'रिडल्स इन हिंदुइझम' चौथ्या खंडात छापले गेले. त्या पेट्यांना वाळवी लागली असती तर? समाज केवढ्या ठेव्याला मुकला असता!

आज आपल्या घरातली पेटी म्हणजे हार्ड डिस्क. आजोबांचा १९५६ च्या धम्मदीक्षेचा फोटो, आईच्या आवाजातल्या भीमगीतांची कॅसेटवरून उतरवलेली ध्वनिफीत, विहाराच्या वर्गणीचा हिशेब, सारे तिच्यात. शिवाय जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा स्कॅन अनेकांनी असाच ठेवलेला असतो. मूळ कागद जीर्ण, आणि डिस्क एकच!

आमच्या वस्तीतील एका कुटुंबाची डिस्क टेबलावरून पडली. लावली की 'टक् टक्' आवाज. मुलगा पुन्हा पुन्हा लावून पाहत होता. आम्ही त्याला पहिली गोष्ट सांगितली, ती वाचकांनाही सांगतो: आधी हात थांबवा!

या डिस्कच्या आत चकत्या असतात. खिशात मावणाऱ्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात. वाचणारे डोके चकतीला न टेकता, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. धक्क्याने ते बिघडले तर तेच चकती खरवडू लागते. मग प्रत्येक वेळी डिस्क चालू करणे म्हणजे आपल्याच हाताने फोटो पुसणे. असा आवाज आला की वायर काढावी आणि काम जाणकार प्रयोगशाळेकडे द्यावे. डिस्क घरी किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात उघडू देऊ नये, धुळीचा कणही घात करतो. फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला मिळेल, तोही ऐकू नये. आत दव धरते. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा.

आवाज नाही, पण डिस्क दिसत नाही किंवा फार हळू चालते, अशा वेळी आधी वायर आणि यूएसबीची जागा बदलून पाहावी. कधी दोष एवढाच असतो. संगणक 'फॉरमॅट करू का?' असे विचारील. उत्तर नाही! दुरुस्तीचा 'चेकडिस्क' हा प्रोग्रॅमही आजारी डिस्कवर चालवू नये. तो डिस्कवर लिहितो, आणि आपल्याला फक्त वाचून घ्यायचे आहे.

डिस्क उघडत असेल तर दुर्मीळ ते आधी उतरवावे. आधी दाखले, मग जुने फोटो, मग गाणी. सिनेमे राहू द्यावेत. फायली अडकू लागल्या तर लिनक्सवरचा 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो चांगला भाग आधी वाचतो, खराब भागाकडे नंतर वळतो आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतो, त्यामुळे काम मध्येच थांबवून पुढे चालवता येते. मात्र प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. मग त्या प्रतीवर 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' चालवावेत. फोटोरेक फायली शोधून देतो, पण त्यांची मूळ नावे जातात. नावे पुन्हा लावायला घरची वडीलधारी माणसेच लागतात. 'ही कोण, तो कोण' हे त्यांनाच ठाऊक!

त्या कुटुंबाची डिस्क प्रयोगशाळेत गेली. बरेच फोटो परत आले. काही गाणी मात्र मधेच तुटली. त्या आईला देहावसान पावून बरीच वर्षे झाली आहेत, ते स्वर आता पुन्हा मिळणार नाहीत.

म्हणून बंधू-भगिनींनो, महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या साधनांवर असू द्या आणि एक घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटच्या साठ्यात. स्कॅन झाला म्हणून मूळ कागद रद्दीत देऊ नका. पडताळणीत अस्सल कागदच मागतात.

येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी प्रत्येक विहाराने एक काम करावे. संगणक शिकलेल्या चार मुलामुलींना बसवून वस्तीतील जुने फोटो, दाखले, गाणी यांच्या प्रती करून द्याव्यात. आपल्या पूर्वजांना अक्षर शिकू दिले गेले नाही, म्हणून त्यांच्या हातची लिखिते आपल्याकडे नाहीत. आपल्या पिढीकडे अक्षरही आहे आणि साधनही. ते आपण जपले नाही, असे नातवंडांनी म्हणू नये.

जयभीम!