मेट्रोचा तोटा कोणाच्या माथी?

नागपूरच्या धंतोलीकरांना जवळचे मेट्रो स्थानक काँग्रेसनगर. ही मेट्रो महामेट्रोची. तिच्यात केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा, शिवाय जर्मन-फ्रेंच संस्थांचे कर्ज. डबे रिकामे धावले, तरी भुर्दंड सरकारी तिजोरीलाच.

मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मार्गाचे गणित निराळे. २०१४ साली सुरू झालेल्या या ११.४ किलोमीटरच्या मार्गात रिलायन्स इन्फ्राचा मूळ वाटा ६९ टक्के होता, एमएमआरडीए या सरकारी प्राधिकरणाचा २६. खासगी कंपनीने बांधायचे, ३५ वर्षांच्या करारात चालवायचे आणि पैसा तिकिटातून वसूल करायचा. पण भाडे किती, यावरून सुरुवातीलाच प्रकरण कोर्टात गेले.

म्हणून अशा करारात दोन कलमे आधी वाचावीत: भाडे कोण ठरवणार आणि प्रवासी कमी आले तर तूट कोण भरणार?