जिन्यावरील चलखुर्ची : जागेची निवड कशी करावी?

उतारवयात किंवा अपंगत्व आल्यावर घरातील जिना हा घराचे दोन भाग करून टाकतो. पाय साथ देईनासे झाले की वरच्या मजल्यावरील व्यक्ती वरच राहते आणि ओसरी, अंगण व शेजार तिला दुरावतात. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींचे प्रमाण 9.9 टक्के होते. त्यामुळे हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांपुरता राहिलेला नाही. त्यावरील एक उपाय म्हणजे जिन्याच्या कडेने बसविलेल्या रुळावरून चालणारी विजेची खुर्ची, म्हणजेच स्टेअरलिफ्ट. तथापि, ती घ्यावी की नाही आणि घेतल्यास नेमकी कोठे बसवावी, याचा विचार खरेदीपूर्वीच होणे आवश्यक आहे.

उतरण की खुर्ची ?

चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधताना एक फूट उंचीस बारा फूट लांबी हे प्रमाण मानले जाते. दीड फुटाच्या जोत्यासाठी अठरा फूट लांबीची उतरण पुरते. परंतु दहा फूट उंचीच्या मजल्यासाठी ती एकशेवीस फूट लागेल. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढावर वसलेल्या साताऱ्यातील पेठांमध्ये एवढी मोकळी जागा असलेली घरे थोडी. म्हणून जोत्यासाठी उतरण आणि मजल्यासाठी अन्य सोय, अशी विभागणी करणे व्यवहार्य ठरते.

बहुसंख्य घरांत सर्वांत सोपा व स्वस्त मार्ग म्हणजे अंथरूण आणि स्वच्छतागृह तळमजल्यावर आणणे हा होय. मिरजेच्या रुग्णालयांतून शस्त्रक्रिया करून घरी परतणाऱ्या रुग्णांची अडचण काही आठवड्यांचीच असेल, तर त्यांच्यासाठी हाच मार्ग योग्य. ज्या व्यक्तीस आधाराशिवाय ताठ बसता येत नाही, तिच्यासाठीही चलखुर्ची उपयोगाची नाही. याबाबत वैद्यकीय सल्ला आधी घ्यावा.

कृष्णाकाठचा अपवाद

सांगलीत मात्र तळमजल्याचा हा उपाय विचारपूर्वक स्वीकारावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2005, 2019 व 2021 या तिन्ही वर्षी नदीने धोका पातळी ओलांडली. ऑगस्ट 2019 मध्ये तर पाणी 57 फुटांच्या वर गेले. अशा वेळी तळमजल्यावर खिळलेल्या व्यक्तीस उचलून वर नेण्याचा प्रसंग येतो. पूररेषेतील घरात म्हणूनच वर जाण्याची सोय ही सुरक्षिततेची बाब ठरते.

येथे जागेची निवड करताना वीजजोडणीचे ठिकाण व खुर्ची उभी करण्याची जागा, दोन्ही पूर्वीच्या पुराच्या खुणेपेक्षा वर, म्हणजे शक्यतो जिन्याच्या माथ्याशी असावीत. बहुतेक खुर्च्या विद्युतघटावर चालतात आणि वीज गेल्यावरही काही फेऱ्या करू शकतात. पण रुळाचे खालचे टोक पाण्यात गेल्यावर खुर्ची वापरू नये. म्हणून इशारा पातळी गाठली जाताच वृद्धांना वर नेणे हितावह आहे. पाणी वरच्या मजल्यापर्यंत पोहोचू शकेल अशा घरांत मात्र चलखुर्चीवर विसंबून न राहता वेळीच स्थलांतर करावे.

मोजमापे

रुळाचे पाय साधारणतः भिंतीत नव्हे, तर पायऱ्यांवर बसवितात. त्यामुळे सर्व भार पायऱ्यांवर येतो. काँक्रीटच्या जिन्यास सहसा अडचण नसते. साताऱ्यातील किंवा वाईतील जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्याची मात्र अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. भिंतीच्या जाडीत काढलेले अरुंद, उभे जिने आणि माथ्याशी झडप असलेले जिने या कामास योग्य नाहीत.

रुंदी मोजताना ती खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीस साध्या खुर्चीवर बसवून पाठीपासून गुडघ्यांपर्यंतचे अंतर घ्यावे. बसलेल्या व्यक्तीचे गुडघे समोरच्या भिंतीस किंवा कठड्यास लागता कामा नयेत. वाटेत डोक्यावर तुळई येते काय, हेही पाहावे. घडी केलेली खुर्चीसुद्धा साधारण एक ते सव्वा फूट जागा अडविते; उरलेल्या रुंदीतून इतरांना सामान घेऊन जाता आले पाहिजे आणि धरावयाचा कठडा मोकळा राहिला पाहिजे.

सरळ जिन्यास सरळ रूळ पुरतो. वळणाच्या जिन्यासाठी रूळ मापाने घडवावा लागतो व खर्च बराच वाढतो. वळणावर आतल्या बाजूने रूळ आखूड होतो, पण पायऱ्या तेथे निमुळत्या असतात. बाहेरच्या बाजूने तो लांबतो आणि चालणाऱ्यांच्या वाट्यास नेमकी निमुळती बाजू येते. निर्णय घेताना घरातील सर्वांचा विचार व्हावा.

दोन टोके

अपघाताचा धोका प्रवासापेक्षा चढता-उतरताना अधिक असतो. वरच्या टोकाशी आसन वळवून जिन्याकडे पाठ करून पक्क्या जमिनीवर पाय ठेवता आला पाहिजे. खालच्या टोकाशी रूळ शेवटच्या पायरीच्या थोडा पुढे येतो; तेथे दार उघडत असेल तर दुमडता येणारा रूळ घ्यावा. दोन्ही टोकांशी दिवा, भिंतीला धरावयाची दांडी आणि खुर्ची बोलावण्याचे बटण असावे. पायपाटास अडथळा लागताच खुर्ची थांबते काय, याची खात्री चाचणीच्या वेळी करून घ्यावी.

गावपातळीवरील कार्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. सार्वजनिक इमारती सर्वांना सुगम असाव्यात, अशी त्याची अपेक्षा आहे. घरातील जिना या तरतुदीत येत नसला, तरी ग्रामपंचायत व शाळा यांच्या इमारती येतात. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी या इमारतींची उतरण व कठडे तपासावेत. त्याचबरोबर ज्यांना जिना चढता-उतरता येत नाही अशा रहिवाशांची घरनिहाय यादी पावसाळ्यापूर्वी तयार ठेवावी. पूर येतो तेव्हा कोणाला प्रथम हलवावयाचे, हे त्या यादीवरूनच कळणार आहे.