कॅमेरा घडवणारे पेंटर

बालमित्रांनो, आडनावं तुम्ही हजार ऐकली असतील. पाटील, देशमुख, वानखडे, मेस्त्री. पण ‘पेंटर’ हे आडनाव ऐकलंय का? कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना लोक त्यांच्या कामावरून पेंटर म्हणू लागले आणि पुढे तेच नाव कायम झालं. चित्रकार, शिल्पकार, सिनेमा दिग्दर्शक आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे शिष्य घडवणारे गुरू, असे हे बाबूराव पेंटर.

३ जून १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला. घर कारागिरांचं. चित्रकला ते कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. नीट पाहायचं, करून बघायचं, बिघडलं की पुन्हा करायचं, हीच त्यांची शाळा! नात्यातले भाऊ आनंदराव त्यांचे जोडीदार. दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? अहो, सपाट कापडावर राजवाडा असा काढायचा, की मागच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, उठून आत चालत जावं. सोपं आहे का ते?

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. हलणारी चित्रं! दोघा भावांना सिनेमाचं वेडच लागलं. पण कॅमेरा आणायचा कुठून? त्यांनी ठरवलं, आपणच बनवू. मुलांनो, सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्मची लांब पट्टी असते. त्या काळी हँडल फिरवलं की ती थोडी सरके, भिंगामागे क्षणभर थांबे, झडप उघडून चित्र उमटे आणि पट्टी पुन्हा पुढे सरके. हे सगळं एका सेकंदात साधारण सोळा वेळा! एखादा दाता जरी चुकला तरी सगळं मुसळ केरात.

१९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अर्ध्यावर राहिलं. दुसरा एखादा असता तर सामान गुंडाळून मोकळा झाला असता. बाबूरावांनी मात्र शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू करून दाखवला.

मग गायिका तानीबाई कागलकर यांनी पैशांची मदत केली आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खरेखुरे उभे देखावे बांधायचे, प्रसंगांची चित्रं आधी कागदावर काढून ठेवायची, ही त्यांची पद्धत. ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या सिनेमासाठी त्यांनी रंगवलेलं पोस्टर आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या सिनेपोस्टरांपैकी एक मानलं जातं.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ तर आपल्या वऱ्हाडातल्या मुलांनी लक्षात ठेवावा असा. कर्जापायी जमीन गमावून शहरात मजुरीला गेलेल्या शेतकऱ्याची ती कथा. देवादिकांचे सिनेमे चालत होते त्या काळात बाबूरावांनी पडद्यावर शेतकऱ्याचं दुःख आणलं. बाळापूरच्या आसपास, कपाशीच्या गावांत राहणाऱ्या आपल्याला ते वेगळं समजावून सांगायला नको.

त्यातला तरुण शेतकरी कोण होता, ठाऊक आहे? व्ही. शांताराम! कंपनीत पडेल ते काम करत ते शिकले. दामले, फत्तेलाल, धायबर हेही तिथेच तयार झाले. १९२९ मध्ये मात्र हे चौघं बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींसह त्यांनी ‘प्रभात’ कंपनी काढली. बाबूरावांचा उजवा हातच गेला म्हणा ना! पुढे त्यांची कंपनी बंद पडली. पण दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तेव्हा त्या यशामागे कोल्हापूरची ती कार्यशाळाही होतीच. आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या दिग्दर्शनात शांतारामांसोबत नाव होतं त्यांच्या गुरूचं, बाबूराव पेंटरांचं!

बाबूरावांचा हात शेवटपर्यंत चालू राहिला. कुंचला होताच, मातीही होती. पुतळा आधी मातीत घडवतात, त्यावरून साचा काढतात आणि मग धातू ओततात. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात १९४५ साली बसवलेला शिवरायांचा अर्धपुतळा त्यांच्याच हातचा. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. शिष्यांच्या कामातून मात्र त्यांची विद्या उरली.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. पोरानं जुनं घड्याळ उघडलं, भिंतीवर कोळशानं घोडा काढला, की आपण पटकन म्हणतो, ‘अभ्यास सोडून हे काय?’ रागवण्याआधी एकदा विचारा, ‘काय करून बघत होतास रे?’ उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आणि मुलांनो, येत्या पोळ्याला बाजारातून बैलजोडी आणू नका. नदीकाठची माती आणा, भिजवा, मळा. पाय मोडेल, शिंग वाकडं होईल. होऊ द्या. दुसरा बैल पहिल्यापेक्षा बरा होतो. आणि तो जमला, की शेजारच्या लहानग्यालाही शिकवा बरं का!