नदीचा काठ आणि निळी रेषा

पुण्याच्या माणसाला मुठा नदीविषयी दोन गोष्टी निश्चित ठाऊक असतात. एक, उन्हाळ्यात तिच्याकडे नाकाला रुमाल लावूनच पाहावे लागते. आणि दुसरी, १२ जुलै १९६१ रोजी तिने हे शहर बुडविले. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही गेले आणि नदीकाठच्या पेठांतील वाडेच्या वाडे पाण्याखाली गेले. गोखलेनगर, सहकारनगर या भागांतील वसाहतींमागे त्या पूरग्रस्तांचेच पुनर्वसन आहे. तेव्हा नदीपासून किती दूर राहावे, हा प्रश्न या गावाला काही पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

धरण फुटणे हा अपघात होय. परंतु धरणे शाबूत असतानाही नदीला पूर येतोच, आणि तो किती यावा याचा अंदाज बांधता येतो. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने १९८९ साली या अंदाजाला दोन रेषांचे रूप दिले. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. पात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तेथे घर बांधावयाचे नाही. निळ्या आणि लाल रेषांच्या दरम्यान नियंत्रित क्षेत्र; तेथे घर बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर उंच हवे. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे ‘यंदा आला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त’ असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. दरवर्षी पंचवीसात एक, एवढीच ती शक्यता.

आता गंमत अशी की, या रेषा आखताना डोळ्यांपुढे माणसाचे घर होते, खंड्याचे नव्हते. निषिद्ध क्षेत्रात घर चालत नाही. पण बाग, हिरवळ, वाहनतळ, उघडी मंडई, स्मशान, सांडपाण्याचे शुद्धीकरण केंद्र हे सारे नियमात बसते. पुराच्या दृष्टीने यातले पुष्कळसे निरुपद्रवी आहे. काठावरच्या जीवांच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही. खंड्या घरटे झाडावर बांधत नाही. तो मातीच्या उभ्या दरडीत हातभर बीळ कोरतो. वेडा राघूही तेच करतो. त्या दरडीला आपण दगडांचे अस्तर लावले की काठ दिसायला नीटनेटका होतो आणि खंड्याचे घर जाते. टिटवी उघड्या गोट्यांवर अंडी घालते. तिथे हिरवळ लावून रोज पाणी मारले तर तिने कुठे जावे? पावसाळ्याच्या आरंभी कित्येक मासे काठच्या उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतात. वाळुंज, करंज, जांभूळ, उंबर ही झाडे पुरात उभी राहून मुळांनी माती धरून ठेवतात. माणसाला ज्या काठाची ओसाड जागा म्हणून लाज वाटते, तोच काठ या सर्वांचा संसार असतो.

म्हणून घरे आणि जीवसृष्टी यांत काठ निम्मा निम्मा वाटून द्यावा, ही समतोलाची कल्पना मला पटत नाही. पुराला जी जागा लागते तीच बहुतांशी त्यांनाही लागते. एकच पट्टा दोन्ही कामे करतो. फक्त तो फरसबंद न करता मातीचा राहू द्यावा लागतो.

नियमाची खरी कसोटी भरावापाशी लागते. विठ्ठलवाडीजवळ नदीपात्रातून रस्ता नेण्यासाठी निळ्या रेषेच्या आत भराव टाकला होता; २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तो काढावयास सांगितले. भरावाने पाणी नाहीसे होत नाही, ते समोरच्या किंवा खालच्या घरात शिरते. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ६० हजार घनफुटांच्या, पुराला धरून आखलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेकच पाणी सोडले होते, तरी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. त्या रात्रीचा मुसळधार पाऊस आणि ओढ्यांचे पाणी त्यात मिळाले, हे खरे. पण निळ्या पुराच्या जवळपास निम्म्यातच घरे बुडतात तेव्हा ती कुठे उभी आहेत आणि पात्र किती आवळले आहे, हे दोन्ही प्रश्न विचारलेच पाहिजेत.

जमीनमालकाचे गाऱ्हाणेही खोटे नाही. वडिलोपार्जित शेत निळ्या रेषेच्या आत गेले की त्याची किंमत कागदावर पडते, आणि शेजारच्या शेतावर इमारत चढते. त्याला नुसता ‘बांधू नकोस’ म्हणून सांगणे म्हणजे साऱ्या शहराच्या सुरक्षिततेचा खर्च एकट्याच्या माथी मारणे होय. विकासहक्क दुसऱ्या जागी हलविण्याची पद्धत आपल्या नगररचनेत रुळलेली आहे. ती येथे मोकळ्या हाताने वापरावी. आणि जी कुटुंबे आधीच रेषेच्या आत राहतात, त्यांना त्याच जागी जोते उंचावून पुन्हा वसविण्यापेक्षा जवळपासच उंचावर घर देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ते महाग पडेल. पण दर पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की त्यांना रात्री उठवून शाळेच्या वर्गांत हलवावे लागते, तो खर्च अजून कोणी नीट मांडलेला नाही.