कोल्ड फ्रंट, लाटा आणि गाळ : महिन्याची सरासरी कुठे फसवते?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सरावासाठी मी अमेरिकेतल्या लुईझियानाच्या किनाऱ्यासमोरचा डेटा घेतला होता. ‘नोआ’च्या तरंगत्या बोयांच्या वारा आणि लाटांच्या ताशी नोंदी कुणालाही फुकट मिळतात. मी उत्साहाने महिन्याच्या सरासऱ्या काढल्या आणि सेमिनारमध्ये सांगून टाकलं की हिवाळ्यात इथे उत्तर-दक्षिण वारा जवळपास नसतोच. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “मग पाणी गढूळ कशाने होतं?”

उत्तर माझ्याच फाइलमध्ये होतं. काही दिवस वारा दक्षिणेकडून जोरात, मग काही दिवस उत्तरेकडून तितकाच जोरात. दोघांची बेरीज केली की शून्य. जी घटना शोधायची होती, तीच मी सरासरीने पुसली होती!

ती घटना म्हणजे कोल्ड फ्रंट, मराठीत शीत आघाडी. उत्तरेची थंड, जड हवा दक्षिणेच्या उबदार, दमट हवेखाली घुसते; या दोन हवांमधली सरकती सीमा म्हणजे फ्रंट. लुईझियानावरून ऑक्टोबर ते एप्रिल या काळात असे साधारण २० ते ३० फ्रंट जातात. बातम्यांत हरिकेन येतं, फ्रंट येत नाही. पण हरिकेन एखाद्या वर्षी येतं, फ्रंट मात्र आठवड्याच्या बाजारासारखा ठरलेला.

आता अचाफलाया उपसागरात उभे आहात असं समजा. मिसिसिपी आणि रेड नद्यांच्या एकत्रित पाण्यातला सुमारे ३० टक्के वाटा अचाफलाया नदीतून इथे येतो, आणि सोबत भरपूर चिखल. उपसागर मोठा पण अगदी उथळ, सरासरी खोली दोनेक मीटर. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम अर्धा मीटर. (मुंबईत उधाणाला तो चार मीटरच्या पुढे जातो.) म्हणजे इथे चंद्रापेक्षा वाऱ्याची सत्ता जास्त.

फ्रंट येण्याआधी दाब उतरतो आणि वारा दक्षिणेचा होतो. त्याच्यासमोर मेक्सिकोच्या आखाताचं शेकडो किलोमीटर मोकळं पाणी असतं, म्हणजेच फेच मोठा. त्यामुळे लाटा वाढत जातात आणि किनाऱ्याशी पाणी तुंबून उपसागराची पातळी चढते. मग फ्रंट डोक्यावरून जातो. काही तासांत वारा वळून वायव्य-उत्तरेचा होतो, तापमान धाडकन पडतं, दाब चढू लागतो. तुंबलेलं पाणी आता उलट समुद्राकडे ढकललं जातं. समजा पातळी अर्ध्या मीटरने उतरली. समुद्रात अर्धा मीटर म्हणजे काहीच नाही. दोन मीटरच्या उपसागरात मात्र ते पाव भाग पाणी झालं, आणि तेही गढूळ.

गढूळ का, यासाठी थोडं गणित. खोल पाण्यात लाटेची तरंगलांबी मीटरमध्ये साधारण १.५६ गुणिले आवर्तनकालाचा वर्ग इतकी असते, आणि लाटेची हालचाल तरंगलांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. दक्षिणेकडून ८ सेकंदांची लाट आली तर तरंगलांबी १०० मीटर, म्हणजे ५० मीटर खोलीवरचा तळही तिला ‘लागतो’. उत्तरेच्या वाऱ्याला जमिनीपासून लांब पळायला जागाच नसते, म्हणून त्याच्या लाटा आखूड. ३ सेकंदांची धरा: तरंगलांबी १४ मीटर, पोहोच ७ मीटर. बाहेरच्या समुद्रात ही लाट तळाला शिवतही नाही, पण दोन मीटरच्या उपसागरात तळ चांगलाच खरवडते. थोडक्यात, दक्षिणेचा वारा बाहेरचा तळ ढवळतो, उत्तरेचा वारा आतला तळ ढवळतो आणि ढवळलेलं बाहेर नेतो.

आता पुन्हा सरासरी. महिन्यात २७ दिवस वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर आणि ३ दिवस १२ मीटर होता असं धरा. सरासरी ४.८, म्हणजे शांत महिना. पण वाऱ्याचा पाण्यावरचा ताण वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. २७ गुणिले १६ किती? ४३२. आणि ३ गुणिले १४४? तेही ४३२! तीन दिवसांनी सत्तावीस दिवसांइतका जोर लावला. त्यात गाळ उचलायला तळावरचा शिअर स्ट्रेस एका किमान मर्यादेपुढे जावा लागतो. त्या सत्तावीस दिवसांत ती ओलांडलीच गेली नाही, तर वाऱ्याने उचललेला सगळा गाळ त्या तिघांच्या खात्यावर. आणि आपण बोट घेऊन नमुने आणायला कधी जातो? समुद्र शांत असेल तेव्हा.

सॅटेलाइटने हा प्रश्न सुटेल असं मलाही वाटलं होतं. फ्रंटआधी बहुधा ढग असतात आणि प्रकाशीय सॅटेलाइटला खालचं काही दिसत नाही. फ्रंट गेल्यावर आकाश लख्ख, आणि फोटोत समुद्राकडे पसरलेला तपकिरी पट्टा ठसठशीत. नुसते फोटो बघितले तर सगळं श्रेय उत्तरेच्या वाऱ्याला जातं. ढवळण्याचा पहिला अंक कॅमेऱ्याने पाहिलेलाच नसतो.

लुईझियानात हा हिशेब जिवावरचा आहे. १९३२ ते २०१६ या काळात या राज्याने सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली. त्यामागे बांध, कालवे, खचणारी जमीन अशी कारणं आहेत; फ्रंटला एकट्याला दोषी धरू नका. उलट, अचाफलायाचा चिखल प्रवाहासोबत पश्चिमेला जातो तिथे फ्रंटआधीच्या लाटा तो किनाऱ्यावर चढवतात. नंतर उत्तरेच्या वाऱ्याने पाणी मागे हटतं, चिखल उघडा पडून सुकतो आणि थोडी जमीन वाढते. तोच फ्रंट एका ठिकाणी गाळ पळवतो, दुसऱ्या ठिकाणी पोहोचवतो.

कोकणात असे फ्रंट येत नाहीत, पण त्यांची पत्रं येतात. हिवाळ्यात इराणच्या आखातावरून फ्रंट गेला की मागोमाग ‘शमाल’ नावाचा वायव्येचा वारा सुटतो. त्याने उठवलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. म्हणजे रत्नागिरीत वारा पडलेला असतानाही येणाऱ्या लाटेचं कारण हजारभर किलोमीटर दूर असू शकतं. स्थानिक वाऱ्याशी लाटेचा सहसंबंध काढून ‘संबंध नाही’ असं लिहिण्याआधी हे तपासा.

करून बघायचं असेल तर लुईझियानासमोरच्या एका बोयाचा जानेवारीचा डेटा उतरवा. दाब, वाऱ्याची दिशा आणि लाटेची उंची एकाखाली एक काढा, ताशी, सरासरी न घेता. दाबाचा खड्डा सापडला की तिथे उभी रेघ मारा आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना लाटेचा आवर्तनकाल वाचा. माझ्या पहिल्या आलेखावर अशा किती रेघा पडल्या होत्या, हे मॅडमनी मला मोजायला लावलं होतं.